भिंतीवर चालणारा घोडा

१

सकाळी येऊन वाचकताईने खुर्चीही नीट ओढली नव्हती, तोच तिच्या लक्षात आलं की लेख गेलाय.

पान जागेवर होतं. वर 'वाचकांचं पान' हे ठसठशीत नाव होतं, त्याखाली तिने स्वतः लिहिलेला नमस्कार होता आणि नमस्काराखाली नुसतं पांढरं. काल घरी जाताना तिने लेख स्वतःच्या हाताने चढवला होता, सकाळी आपोआप दिसेल अशी वेळ लावून. साइटच्या पहिल्या पानावर मात्र नेहमीची झुंबड होती. 'वज्रसम्राट' येतोय! 'वज्रसम्राट'ची तलवार कशी असेल? 'वज्रसम्राट'च्या संगीतकाराशी गप्पा. आणि सगळ्यांत वर, 'वज्रसम्राट'च्या झलकीची झलक.

ही व्हिडिओ गेमच्या बातम्यांची साइट. एके काळी लोक इथे कोणता खेळ चांगला हे विचारायला यायचे. आता कोणत्या कंपनीने किती जोरात ढोल बडवला तेवढंच कळायचं. वाचक वर्षानुवर्षं ओरडत होते: छोटे खेळ कुठे आहेत, परीक्षणं कंपनीच्या माहितीपुस्तिकेतून उतरवल्यासारखी का वाटतात, तुम्ही खेळता तरी का? ही सगळी ओरड एकटी वाचकताई वाचायची आणि प्रत्येकाला उत्तर द्यायची. म्हणून वाचकांनीच तिला हे नाव दिलं, आणि मग ऑफिसातही ते रूढ झालं. संपादकांशी भांडभांड भांडून तिने हे एक पान मिळवलं होतं. वाचकाने खेळायचं, वाचकाने लिहायचं, मधे कोणाची कात्री नाही. तसा शब्दच तिने नमस्कारात दिला होता, स्वतःच्या नावावर.

आणि पहिल्याच दिवशी शब्दाची ही गत.

फोन वाजला. लेख लिहिणाऱ्या नर्सबाई होत्या, निवृत्त झाल्यापासून खेळांच्या नादी लागलेल्या.

"ताई, माझं काही चुकलं का हो? सुनेला सांगून बसले, व्याह्यांना सांगून बसले. सगळे विचारतायत, कुठे आहे लेख."

"तुमचं काही चुकलेलं नाही," वाचकताई म्हणाली. "लेख दिसेल. आज दिसेल."

बोलून गेली खरी, पण लेख कुठे गेला हे तिलाच माहीत नव्हतं. तेवढ्यात पानाखाली एका जुन्या, खमक्या वाचकाने लिहिलेलं तिला दिसलं: 'हेच होणार होतं. संध्याकाळपर्यंत लेख आला नाही तर आम्ही सगळे निघालो. ताई, तुमच्यावर राग नाही, पण तुमच्या शब्दावर आता भरवसाही नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. मग पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि उठली.

२

संपादकांना सगळे उस्ताद म्हणायचे. तरुणपणी त्यांनी स्पर्धा गाजवल्या होत्या. त्यांच्या खोलीतल्या कपाटात चषक दाटीवाटीने उभे होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर 'वज्रसम्राट'ची झलक धडाडत होती आणि उस्ताद खिडकी सताड उघडून बाहेर बघत उभे होते.

"तांत्रिक घोळ असेल," ते न वळताच म्हणाले. "पेचकसला विचारा."

पेचकस म्हणजे साइटची यंत्रणा सांभाळणारा माणूस. कीबोर्डच्या फटीतून खारे दाणे काढण्यासाठी तो कायम एक पेचकस खिशात बाळगायचा. त्याने दोनचार बटणं दाबली आणि हसला.

"ताई, लेख उडालेला नाही. चाळणीत अडकलाय."

"कसली चाळणी?"

"'वज्रसम्राट' आज संध्याकाळी येतोय ना. कोणी गोष्टीतली गुपितं आधी फोडू नयेत म्हणून मी चाळणी लावली. वाचकांचा जो मजकूर त्या खेळाच्या बातमीखाली येईल किंवा ज्यात त्याचं नाव येईल, तो आपोआप थांबतो. मग कोणीतरी बघायचं आणि ठीक असेल तर पुढे सोडायचं."

"नर्सबाईंनी तर दोरीवर कपडे वाळत घालायच्या खेळावर लिहिलंय!"

तसंच होतं. दोन जावांनी घरी बसून तो खेळ बनवला होता, एकीने चित्रं काढली, दुसरीने यंत्राला समजेल असं लिहिलं. नाव 'दोरी'. वारा सुटतो, कपडे उडतात, आपण सांभाळायचे. पण लेखात एक वाक्य होतं: 'या खेळाचा वज्रसम्राटसारखा गाजावाजा होणार नाही, म्हणूनच मी लिहितेय.'

"एवढ्या एका नावापायी?" वाचकताईने कपाळावर हात मारला. "सोड आधी."

पेचकसचा हात बटणापाशी जाऊन थबकला.

"ताई, गंमत बघा. चाळणी फक्त थांबवते. यावर तर 'राखून ठेवा' असा शिक्का आहे. शिक्का माणूस मारतो."

"कोणी मारला?"

"चाळणी उघडता येते तिघांना. मला, जाहिरातवाल्या वहिनींना आणि उस्तादांना. पासवर्ड तिघांचा एकच. यंत्र काही सांगणार नाही." त्याने मान खाजवली. "मी मारलेला नाही, पण मी तरी दुसरं काय म्हणणार?"

शिक्का पडलेला मजकूर संपादकांच्या परवानगीशिवाय सुटत नसे. वाचकताई तरातरा परत गेली. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे मान हलवली.

"कोणीतरी राखलाय म्हणजे कारण असेल. कोणी राखला आणि का, ते आधी समजू दे. आज कंपनीचे डोळे आपल्यावर आहेत, मला घाई नको."

"मी शोधून काढलं तर सोडाल?"

"काढा की," उस्ताद म्हणाले.

त्यांना वाटलं असावं, बाई दमून गप्प बसेल. पण वाचकताई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

३

तिने पेचकसशेजारी खुर्ची टाकली आणि चाळणीतून काय सुटलं, काय अडलं ते सगळं वाचायला घेतलं. मागच्या आठवड्यात कंपनीने 'वज्रसम्राट'चा थोडा भाग सगळ्यांना फुकट खेळायला दिला होता, त्यामुळे सकाळपासून वाचकांचे अभिप्राय धो-धो येत होते.

ज्याने चाळणी उघडली त्याने स्तुती सोडली होती आणि तक्रारी अडवल्या होत्या. एवढं कोणालाही दिसलं असतं. पण वाचताना तिच्या भुवया हळूहळू वर जायला लागल्या.

अडवलेल्यांत एकाने लिहिलं होतं: 'पुलावरच्या त्या राक्षसाने जीव नकोसा केला. किती वेळा मेलो गणतीच नाही. कंट्रोलर खिडकीबाहेर फेकणार होतो.'

"पेचकस, हा तर खूश आहे," ती म्हणाली.

"खूश? वेडा झालाय आनंदाने. अशी लढत मिळायला नशीब लागतं."

"मग याला का अडवलं?"

पेचकसने खांदे उडवले. इतकी वर्षं पत्रं वाचून वाचकताईला वाचकांची भाषा पाठ होती. खेळणारा माणूस शिव्या घालतो तेव्हा तो प्रेमात असतो, आणि अगदी गोडगोड बोलायला लागला की समजावं, याचा संताप झालाय. स्वतः ती पत्ते आणि शब्दकोडी यांपलीकडे जात नसे, पण माणसं तिला कळायची.

आता सोडलेल्यांत सगळ्यांत वर, सन्मानाने टांगलेला हा अभिप्राय होता: 'वा! सम्राटाचा घोडा चक्क भिंतीवर चालतो. आणि राजवाड्यातले पहारेकरी दोन्ही हात पसरून आपलं स्वागत करतात. धन्य झालो.' त्याखाली साइटच्या नावाने उत्तर दिलं होतं: 'मनःपूर्वक आभार! घोड्याच्या अशा अनेक करामती पुढे पाहायला मिळतील.'

जरा जास्तच गोड होतं ते. वाचकताईच्या मनात पाल चुकचुकली. ती उठून थेट वहिनीकडे गेली.

वहिनी ही उस्तादांची खरोखरीची वहिनी, थोरल्या भावाची बायको. साइटच्या जाहिराती तीच आणायची. 'मला खेळातलं ओ की ठो कळत नाही' हे तिचं ठेवणीतलं वाक्य. ऑफिसात सगळ्यांचा पहिला संशय तिच्यावरच गेला असता. 'वज्रसम्राट'वाल्यांच्या जाहिराती तिनेच मिळवल्या होत्या.

"माझ्यावर संशय घ्यायला आलीस ना?" वहिनी बघताक्षणी म्हणाली. "घे बाई. बस आधी."

"वहिनी, एवढं वाचून सांगा. कंपनीला हे आवडेल का?"

वहिनीने चष्मा नाकावर घेतला, वाचलं आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं, हे वर कोणी टांगलं? कंपनी माझं डोकं फोडेल! ही स्तुती नाही, टर उडवलीय. घोडा भिंतीवर चालतो म्हणजे खेळ बनवणाऱ्यांची चूक आहे, त्याला जमीन कुठे संपते ते कळत नाही. पहारेकरी हात पसरतात ते स्वागताला नव्हे, त्यांना हालचालच दिलेली नाही, बुजगावण्यासारखे उभे आहेत. मी स्वतः बघितलं, तिसऱ्या दरवाज्याशी…"

आणि वहिनी थांबली. वाचकताई तिच्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही खेळता?"

"दार लोट," वहिनी कुजबुजली. "सुट्टीच्या दुपारी आमचे हे लोळत पडतात, तेव्हा. पुष्कळ वर्षं झाली. पण कोणाला बोललीस तर बघ. जाहिरात विकणाऱ्या बाईने मत ठेवायचं नसतं. मत ठेवलं की विकताना जीभ अडखळते."

वाचकताईला हसू आलं, पण ते ओठावरच विरलं. कारण आता हिशेब लागत होता, आणि जिथे लागत होता ते तिला अजिबात नको होतं.

४

दुपारी तिने तिघांनाही उस्तादांच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर अजून झलक चालूच होती. उस्ताद सवयीने खिडकीपाशी उभे होते.

"कोणी राखला ते कळलंय," वाचकताई म्हणाली. "सकाळी आमच्याआधी चाळणी एकदाच उघडली गेली, म्हणजे लेख राखणाऱ्यानेच अभिप्रायही निवडलेत. त्याने थट्टेला स्तुती समजून वर टांगलं आणि खऱ्या स्तुतीला तक्रार समजून अडवलं. नुसती थट्टा सोडली असती तर मी म्हटलं असतं, पेचकसने कंपनीची फिरकी घेतली. पण फिरकी घेणारा माणूस त्या पुलावरच्या राक्षसवाल्याला कशाला अडवेल? तिथे त्याचा काय फायदा? म्हणजे दोन्हीकडे त्याला कळलंच नाही. हे सगळं अशा माणसाने केलंय, जो खेळत नाही."

पेचकसने हळूच वहिनीकडे पाहिलं.

"तिकडे बघू नकोस," वहिनी म्हणाली. झाकलेली मूठ तिने आपणहून उघडली. "मी तिसऱ्या दरवाज्यापर्यंत पोचलेय. तू कुठवर आलास?"

पेचकसने आ वासला. "पुलावरच अडकलोय."

तिघांतले दोघे खेळणारे निघाले होते. राहिला तो कपाटातल्या चषकांचा मालक.

"काहीतरीच काय," पेचकस चाचरत म्हणाला. "उस्ताद आणि खेळत नाहीत?"

वाचकताईने टेबलावरचा कंट्रोलर उचलला आणि उस्तादांपुढे धरला.

"मला खोटं पाडा," ती म्हणाली. "माझी चूक निघू दे, मी सगळ्यांसमोर माफी मागते. राजवाड्यात एक फेरी मारून दाखवा, बस."

पेचकसने झलक बंद करून खेळाचा फुकट मिळालेला भाग पडद्यावर लावला. उस्तादांनी कंट्रोलर घेतला. बोटं कशी आपसूक जागेवर बसली! पडद्यावर सम्राट धावायला लागला, वळला, जिना चढला, भोवतालचं सगळं गर्रकन फिरलं. पहिल्याच वळणावर उस्तादांच्या कपाळावर घाम डवरला. दुसऱ्या वळणाला त्यांनी डोळे मिटले. सम्राट भिंतीवर आपटत राहिला. त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि खिडकीची चौकट घट्ट धरली.

वहिनीने धावत जाऊन पाणी दिलं. "भावोजी, अहो, हे कधीपासून?"

"झाली काही वर्षं." ते खिडकीबाहेर बघूनच बोलत होते. "पडदा फिरायला लागला की डोकं फिरतं. पोट ढवळतं. आधी वाटलं, थकवा असेल. डॉक्टर म्हणाले, काही लोकांना होतं असं, सहन होत नसेल तर बघू नका. बघू नका! माझा धंदा काय आहे?"

उस्तादांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"मग कंपन्यांच्या पुस्तिका कामाला आल्या. मोठा खेळ म्हटला की सगळं तयार मिळतं. काय चांगलं आहे, काय नवीन आहे, कोणता शब्द वापरायचा. छोट्या खेळाला पुस्तिका नसते. तो खेळावाच लागतो." ते आता खोलीकडे वळले. "सकाळी त्या नर्सबाईंचा लेख वाचला. त्यांना वारा कळतो, दोरीचा ताण कळतो, कुठे हसू आलं ते आठवतं. एकेका ओळीवरून दिसतं की बाई खेळली आहे. त्याच्याशेजारी माझं लिहिलेलं ठेवलं तर कोणालाही कळेल की मी खेळलेलो नाही. म्हणून राखला."

वाचकताईला रागाने रडू येत होतं. हा माणूस तिला आवडायचा. त्याच्या जुन्या परीक्षणांसाठीच ती या साइटवर नोकरीला आली होती.

"लेख सोडा," ती म्हणाली. "आत्ता."

उस्तादांनी मान डोलावली. पेचकसने यंत्र पुढे सरकवलं आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. वाचकांच्या पानावर नर्सबाईंचा लेख उभा राहिला. उस्ताद कपाटाकडे वळले, जणू आता सगळं आटोपलं होतं.

"आणि दुसरं," वाचकताई म्हणाली.

५

"दुसरं काय?" वहिनीने विचारलं.

"वाचकांना सांगायचं. हे जे आम्हाला सांगितलंत ते."

"ते मला फाडून खातील," उस्ताद म्हणाले.

"खाऊ देत थोडं. पण एक लक्षात घ्या. ज्याला साइट सोडायची असते तो गुपचूप निघून जातो. हे लोक वर्षानुवर्षं भांडतायत, पानंच्या पानं लिहितायत. तुमच्याशी देणंघेणं नसतं तर एवढं कोण भांडतं? त्यांना त्यांचा उस्ताद परत हवाय. मी रोज वाचते, मला माहीत आहे. आज मी त्यांना दिलेला शब्द तुम्ही मोडलात, आता तुमचा शब्द तुम्ही द्या."

उस्ताद पुटपुटले, "आणि परत येऊन करू काय? खेळता तर येत नाही."

वाचकताईने त्यांच्या यंत्रावर 'दोरी' उघडून दिली. "निदान जो लेख दाबलात तो कशावर होता ते बघा."

उस्ताद नाराजीनेच बसले. एक गच्ची, दोन खांब, मधे दोरी. पडदा जागचा हलत नव्हता. वारा आला, कपडे हलले, गच्ची मात्र होती तिथेच. त्यांनी एक सदरा लावला. एक फ्रॉक लावला. चादर लावायला गेले तर वाऱ्याने ती अलगद उचलून शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकली.

"अरे!" उस्ताद ओरडले आणि खुर्ची पुढे ओढली.

दुसऱ्यांदा चादर गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यांनी एक अस्सल शिवी हासडली. पेचकस आणि वाचकताईने एकमेकांकडे पाहिलं. वहिनी डोळे पुसत होती. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात थांबवला आणि समोरच्या यंत्रावर टाइप करायला लागले. पहिलं वाक्य असं होतं: 'मी वज्रसम्राट खेळलेलो नाही, आणि गेल्या काही वर्षांत ज्यांच्यावर लिहिलं त्यांतले बहुतेक खेळ मी खेळलेलो नाही.' पुढे का ते लिहिलं, लेख कोणी दाबला ते लिहिलं, घोड्याबद्दलही लिहिलं. कोणाला दाखवलं नाही. वाचकांच्या पानावर, नर्सबाईंच्या लेखाखाली, स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलं.

"आता कंपनी जाहिराती काढून घेईल," ते वहिनीला म्हणाले.

"ते मी बघते," वहिनी म्हणाली. "विकायला दुसरं काहीतरी शोधीन. जीभ न अडखळता विकता येईल असं."

अभिप्राय कोसळायला लागले. काही कडू होते, फार कडू. त्या खमक्या वाचकाने लिहिलं: 'माफ केलेलं नाही. पण उद्या येऊन बघणार.' वाचकताईने सगळे सोडले, एकही राखला नाही.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा फोन वाजला. नर्सबाई होत्या. त्यांना संपादकांशी बोलायचं होतं. वाचकताईने फोन पुढे केला. उस्तादांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि ताठ बसले, ओरडा खायच्या तयारीने.

"बोला," ते म्हणाले.

"मी वाचलं तुमचं," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, खोलीभर ऐकू येत होता. "खेळलात का मग 'दोरी'?"

"हो."

"कुठे अडकलात?"

कित्येक वर्षांत उस्तादांना हे कोणी विचारलं नव्हतं.

"चादरीवर," ते म्हणाले.

"सगळे तिथेच अडकतात. चादर शेवटी नका घालू, आधी घाला, ओली असतानाच. जड असते, उडत नाही. करा बरं, मी थांबते फोनवर."

उस्तादांनी फोन कान आणि खांद्यात धरला आणि दोन्ही हात मोकळे केले.